सर ॲस्टली कूपरचा स्तनरचनेवरील ग्रंथ : दुग्धवाहिन्यांची गणना आणि शल्यशास्त्राचा वारसा

शरीररचनाशास्त्राच्या ज्या क्रमिक पुस्तकांवर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या, त्यांपैकी बहुतेकांत स्त्रीच्या स्तनाचे वर्णन एका ठरावीक विधानाने सुरू होते. स्तनात १५ ते २० खंड असतात. प्रत्येक खंडाची एक दुग्धवाहिनी असते. आणि या वाहिन्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे स्तनाग्राकडे येऊन तेथे स्वतंत्र मुखांनी उघडतात. या विधानाला जोडूनच शल्यशास्त्राचा एक व्यावहारिक नियम शिकविला जात आला आहे : स्तनावर छेद घ्यावयाचा तो आऱ्याच्या दिशेने घ्यावा, म्हणजे वाहिन्या आडव्या कापल्या जात नाहीत. वर्णन सुबोध आहे, चित्रात चांगले बसते आणि परीक्षेत लिहावयास सोपे आहे. त्याचा उगम सामान्यतः सर ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) याच्या १८४० साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन द ॲनॅटमी ऑफ द ब्रेस्ट’ या ग्रंथाकडे दाखविला जातो. हा ग्रंथ उल्लेखिला जातो त्या मानाने वाचला जात नाही, आणि तो वाचला असता जे दिसते ते विलक्षण आहे. ज्या आकड्याचे पितृत्व कूपरकडे दिले जाते, त्या आकड्याला खुद्द कूपरच्या निरीक्षणांचा आधार मिळत नाही.

हा प्रश्न केवळ ग्रंथांच्या इतिहासाचा असता तर त्याची येथे इतकी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु कर्करोग झालेल्या स्त्रीचा संपूर्ण स्तन काढून टाकणे हा एकमेव मार्ग राहिला नाही, त्या दिवसापासून स्तनाचा कोणता भाग काढावा आणि कोणता ठेवावा हे शल्यवैद्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. कमी काढले तर रोग मागे राहतो, अधिक काढले तर स्त्रीचे अकारण नुकसान होते, आणि अंदाज चुकला तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. या निर्णयामागे स्तनाच्या अंतर्रचनेचे काही ना काही चित्र गृहीत धरलेले असते. ते चित्र कोणाचे आहे आणि कितपत खरे आहे, हा म्हणून वर्तमानाचाही प्रश्न आहे.

कूपर हा आपल्या काळातील इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध शल्यवैद्य. नॉर्फक परगण्यातील ब्रुक या गावी जन्मलेला हा तरुण लंडनला आला, हेन्री क्लाइन याच्या हाताखाली शिकला, जॉन हंटरची व्याख्याने त्याने ऐकली, आणि १८०० साली तो गाइज रुग्णालयाचा शल्यवैद्य झाला. चौथ्या जॉर्ज राजाच्या डोक्यावरील गाठ काढल्याबद्दल १८२१ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली, ही हकीकत त्याचा प्रत्येक चरित्रकार आवडीने सांगतो. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, १८२९ साली त्याने स्तनाच्या रोगांवरील सचित्र ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि त्यात प्रामुख्याने कर्करोगेतर विकारांचा विचार केला. दुसरा भाग कधीच आला नाही. अकरा वर्षांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मृत्यूपूर्वी थोडेच महिने आधी, त्याने प्रसिद्ध केला तो रोगाचा नव्हे तर निरोगी स्तनाच्या रचनेचा ग्रंथ. जो ग्रंथ लिहिला गेला नाही त्याच्या जागी हा उभा आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. रोग कोठे पसरतो हे सांगण्यापूर्वी तो ज्यात पसरतो ते काय आहे हे पाहिले पाहिजे, असा क्रम या दोन ग्रंथांच्या मांडणीतून सहजच निघतो.

ग्रंथाचे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीत आहे. स्तनाग्रावरील एकेका मुखातून बारीक नळी घालून, तिच्यावाटे निरनिराळ्या रंगांचे वितळलेले मेण वाहिनीत भरावयाचे, ते गोठू द्यावयाचे, आणि मग भोवतालचा मेद व संयोजी ऊतक सोडवून रंगीत वृक्ष मोकळा करावयाचा, असे हे काम आहे. त्याला लागणारा संयम चित्रपट पाहिले म्हणजे ध्यानात येतो. तांबडा, पिवळा, हिरवा असे रंग शेजारीशेजारी ठेवल्यामुळे प्रत्येक वाहिनीचा प्रदेश वेगळा ओळखू येतो. ग्रंथाचा आवाकाही मोठा आहे. निरनिराळ्या वयांतील स्तन, पुरुषाचा स्तन, लसीकावाहिन्या, इतर सस्तन प्राण्यांच्या दुग्धग्रंथी, हे सर्व त्यात येते. स्तनाला त्वचेशी बांधून ठेवणारे जे तंतुमय पट्टे कूपरच्या नावाने आजही ओळखले जातात, आणि कर्करोगात जे आकसल्यामुळे त्वचेवर खळी पडते, त्यांचे वर्णनही याच ग्रंथातले.

मात्र पद्धतीचे गुण आणि दोष एकाच ठिकाणी असतात. मेण भरावयाचे म्हणजे वाहिनीचे मुख सापडले पाहिजे आणि ते नळी जाईल इतके रुंद असले पाहिजे. जी वाहिनी स्तनाग्राच्या टोकाशी केसासारखी बारीक होते ती या पद्धतीला दिसणारच नाही. शिवाय दूध भरलेल्या स्तनातील वाहिन्या रुंद व सुगम असल्याने या कामासाठी स्तनपान देत असता मरण पावलेल्या स्त्रियांची शरीरे सोयीची. त्या काळातील लंडनच्या विच्छेदनगृहांत शव कोठून येत असत हे सर्वश्रुत आहे. १८२८ मध्ये पार्लमेंटच्या समितीसमोर साक्ष देताना खुद्द कूपरनेच सांगितले होते की, मनात आणले तर कोणाही व्यक्तीचे शव आपल्याला मिळविता येईल, कायदा त्याला अडवू शकत नाही. १८३२ च्या कायद्यानंतर थडग्यांतील चोऱ्या थांबल्या, आणि अनाथालये व रुग्णालये यांतील बेवारशी गरिबांची शरीरे त्या जागी आली. ग्रंथाच्या सुंदर रंगीत चित्रांमागे ही माणसे आहेत, हे त्याच्या गुणदोषांचा विचार करताना विसरता येत नाही.

आता गणनेकडे वळू. कूपरने दोन निरनिराळे आकडे दिले आहेत, आणि ते निरनिराळे आहेत याची त्याला पूर्ण जाणीव आहे. मेणाने भरता आलेल्या वाहिन्यांची अधिकात अधिक संख्या तो १२ सांगतो. बहुतेक वेळी ती ७ ते १० असते. स्तनाग्रावर मोजता आलेल्या मुखांची अधिकात अधिक संख्या मात्र तो २२ सांगतो आणि लगेच पुस्ती जोडतो की, यांपैकी काही केवळ त्वचेतील ग्रंथींच्या कूपिका असाव्यात, खऱ्या वाहिन्या नसाव्यात. म्हणजे एकीकडे ज्याच्याबद्दल तो निःशंक आहे असा लहान आकडा, आणि दुसरीकडे ज्याच्याबद्दल तो साशंक आहे असा मोठा आकडा. पुढील क्रमिक पुस्तकांत स्थिरावलेला १५ ते २० हा आकडा या दोहोंपैकी कोणताही नाही. तो मोठ्या, साशंक आकड्याच्या जवळचा आहे, परंतु शंका मात्र वाटेत गळून पडली आहे. उतारा करणाऱ्याने अपवाद, मर्यादा आणि ‘असावे’ हे क्रियापद गाळले म्हणजे शास्त्रीय विधानाचे कसे रूपांतर होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. संस्कृत ग्रंथांच्या पाठपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

कूपरच्या दुसऱ्या एका निरीक्षणाचे मात्र उलट झाले. स्तनाग्राखाली वाहिन्या फुगून दुधाची साठवण करणारी कोठारे तयार होतात असे त्याने वर्णन केले आणि ते पुस्तकांनी जसेच्या तसे उचलले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॅमझी, केंट, हार्टमन व हार्टमन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ स्तनपान देणाऱ्या स्त्रियांचे स्तन श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पाहिले. त्यांना अशी कायमची कोठारे आढळली नाहीत. दूध उतरण्याच्या वेळी वाहिन्या तात्पुरत्या रुंदावतात इतकेच दिसले. मृत शरीरातील सैल वाहिनीत दाबाने मेण भरले असता ती फुगते, आणि तो फुगवटा निसर्गाचा म्हणून चित्रात येतो, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. याच अभ्यासात मुख्य वाहिन्यांची सरासरी संख्या डाव्या स्तनात ९.६ आणि उजव्या स्तनात ९.२ आली, लहानात लहान संख्या ४ व मोठ्यात मोठी १८ होती. जिवंत स्त्रियांवर, पूर्णपणे निराळ्या साधनाने मिळालेला हा आकडा कूपरच्या ७ ते १० च्या किती जवळ आहे! जेथे कूपर निःशंक होता तेथे तो बरोबर ठरला आहे, आणि पुस्तकांनी नेमके तेच सोडून दिले.

याच सुमारास आणखी दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी प्रश्न सुटण्याऐवजी प्रथमदर्शनी अधिक गुंतागुंतीचा झाला. सुझन लव्ह व सॅनफर्ड बार्स्की यांनी २००४ मध्ये असे दाखविले की, ९० टक्क्यांहून अधिक स्तनाग्रांवर वाहिन्यांची ५ ते ९ च मुखे असतात, आणि ती मध्यवर्ती व परिघीय अशा दोन गटांत मांडलेली असतात. त्याच वर्षी ग्लासगो येथील गोइंग व मोफट यांनी स्तनाग्राचे आडवे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, आणि ७२ स्तनाग्रांत वाहिन्यांची मध्यसंख्या २७ भरली. पुढे २००७ मध्ये रस्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२९ स्तनाग्रे तपासून मध्यसंख्या २३ दिली, आणि अनेक वाहिन्या एकाच मुखाशी येऊन मिळतात असेही दाखविले. एकाच अवयवाची एकाच दशकातील ही मोजणी ५ पासून २७ पर्यंत पसरावी हे विचित्र वाटते. परंतु या आकड्यांत खरा विरोध नाही, कारण प्रत्येक पद्धत निराळीच वस्तू मोजत आहे.

याची गुरुकिल्ली गोइंग व मोफट यांच्याच लेखात आहे. त्यांनी एका स्तनाग्रातील सर्व वाहिन्या छेदामागून छेद घेत वरपर्यंत अनुसरल्या, तेव्हा २७ पैकी केवळ ७ वाहिन्या त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत रुंद राहिल्या. उरलेल्या २० त्वचेतील उपांगांच्या जवळ येता येता अत्यंत सूक्ष्म होत गेल्या. यांखेरीज स्तनाग्राच्या बुडाशी उगम पावणारा एक लहानसा गट होता. ज्या ७ वाहिन्यांत नळी घालता आली असती त्यांनाच कूपरच्या मेणाने गाठले असते. आणि त्वचेच्या कूपिकांशेजारी संपणाऱ्या त्या २० वाहिन्या म्हणजेच कूपरला मुखे की कूपिका असा संभ्रम पाडणारी ठिकाणे असावीत, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे आवरता येत नाही; मात्र एका स्तनाग्रावरून काढलेले हे अनुमान आहे, याची नोंद केली पाहिजे.

गोइंग व मोफट यांच्या लेखाचे शीर्षक एडविन ॲबट याच्या १८८४ मधील ‘फ्लॅटलँड’ या द्विमितीय जगाच्या कथेवरून घेतले आहे, आणि त्यात टीकेचा रोख आहे. विकृतिशास्त्र सूक्ष्मदर्शकाच्या काचेवरील सपाट छेद पाहते. वृक्ष मात्र तीन मितींत वाढलेला असतो. छेदात शेजारीशेजारी दिसणाऱ्या दोन वाहिन्या एकाच वृक्षाच्या फांद्या असतील किंवा दोन निराळ्या वृक्षांच्या असतील. काचेवरून ते कळत नाही. म्हणून त्यांनी शवविच्छेदनातील एका संपूर्ण स्तनाच्या वाहिन्यांचे त्रिमितीय प्रतिरूप तयार केले. त्यात सर्वांत मोठ्या वाहिनीने एकटीने स्तनाचा २३ टक्के भाग व्यापला होता. तीन वाहिन्यांनी मिळून अर्धा स्तन व्यापला होता आणि सहांनी ७५ टक्के. याच्या उलट टोकाला आठ लहान वाहिन्यांचा मिळून वाटा होता अवघा १.६ टक्के.

हे प्रमाण शल्यवैद्याच्या दृष्टीने संख्येपेक्षा फार महत्त्वाचे आहे. चाकाच्या आऱ्यांचे चित्र मनात असले म्हणजे सर्व खंड समान आकाराचे, संत्र्याच्या फोडींसारखे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एक वृक्ष वडासारखा पसरलेला आणि दुसरा रोपट्याएवढा, त्यांच्या फांद्या एकमेकांच्या प्रदेशात शिरलेल्या, आणि सीमा वेड्यावाकड्या, अशी स्थिती दिसते. कूपरच्या रंगीत चित्रांकडे या माहितीनिशी पुन्हा पाहिले तर त्याचेही रंगांचे प्रदेश समान नाहीत हे जाणवते. चाकाची उपमा सोयीसाठी रूढ झाली. चित्रांनी तिला कधीच पाठिंबा दिला नव्हता.

हे सारे कर्करोगाशी कसे निगडित आहे, हे समजण्यासाठी रोगाचे मूळस्थान पाहावे लागते. वेलिंग्ज, जेन्सन व मार्कम यांनी १९७५ मध्ये संपूर्ण स्तनांचे जाड छेद पाहून असे प्रतिपादन केले की, स्तनाचे बहुतेक कर्करोग मोठ्या वाहिन्यांत उद्भवत नसून वाहिनीची शेवटची फांदी व तिच्या टोकाची खंडिका यांनी बनलेल्या घटकात उद्भवतात. म्हणजे रोग पानांत सुरू होतो. तो वाहिनीच्या भिंतीत मर्यादित असेपर्यंत फांदीफांदीने आतल्या आत पसरतो, आणि भिंत फोडून बाहेर आल्यावरच भोवतालच्या ऊतकात शिरतो. पहिल्या अवस्थेतील रोगाला मार्ग वाहिनीचाच. वर्तुळाकार पसरण्याचे त्याला कारण नाही. दुसऱ्या अवस्थेत गाठ वर्तुळाकार वाढते, पण तिच्या आसपास पहिल्या अवस्थेतील रोग अनेकदा शिल्लक असतोच.

शल्यशास्त्राने मात्र दीर्घकाळ या भूगोलाची दखल घेतली नाही, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे. बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड याने १८९४ मध्ये ५० रुग्णांचा वृत्तान्त देऊन जी शस्त्रक्रिया प्रस्थापित केली तिच्यात स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसीकाग्रंथी एकत्रच काढल्या जात. संपूर्ण अवयव जाणार असेल तर त्याच्या आतील सीमारेषा कोठे आहेत याला महत्त्व राहत नाही. कूपरचा ग्रंथ ग्रंथालयात राहिला तो या काळात. १९६० मध्ये हॅडफिल्ड याने स्तनाग्राखालील मुख्य वाहिन्यांचा समूह काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया वर्णिली ती कर्करोगेतर विकारांसाठी होती. वाहिन्यांच्या रचनेला तीत महत्त्व होते, परंतु कर्करोगाच्या चर्चेत ते पोचले नाही.

स्तन वाचविण्याची शस्त्रक्रिया आली तेव्हा भूगोलाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर चाचणी घेतली. त्यात एका गटाचा संपूर्ण स्तन हॉल्स्टेडच्या पद्धतीने काढला, आणि दुसऱ्या गटात गाठ असलेला चतुर्थांश काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांचे आयुर्मान सारखेच राहिले. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील चाचणीत १८५१ स्त्रियांचा अंतर्भाव होता. तेथे केवळ गाठ व तिच्याभोवतीचा थोडा भाग काढला होता, आणि आयुर्मान तेथेही सारखेच राहिले. मात्र वीस वर्षांत त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण किरणोपचार दिलेल्या गटात १४.३ टक्के आणि न दिलेल्या गटात ३९.२ टक्के निघाले. या दोन्ही शस्त्रक्रियांच्या मुळाशी स्तनाची दोन निराळी चित्रे आहेत. व्हेरोनेसींच्या चतुर्थांशात आऱ्यांच्या चाकाची छाया दिसते. वाहिनीच्या प्रदेशाला अनुसरून फोड कापावी हा विचार तिच्यात आहे. फिशर यांच्या पद्धतीत गाठ हा केंद्रबिंदू, आणि तिच्याभोवती सर्व दिशांना सारखीच कड. तिच्यात वाहिनीला स्थानच नाही.

दोन्ही चित्रे अपुरी आहेत हे हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या अभ्यासावरून दिसते. वर वर पाहता एकच गाठ असलेल्या, आक्रमक कर्करोगाच्या २८२ स्तनांचे त्यांनी पद्धतशीर छेद घेतले. १०५ स्तनांत मुख्य गाठीबाहेर रोग नव्हता. ५६ स्तनांत तो होता, पण २ सेंटिमीटरच्या आत. उरलेल्या १२१ स्तनांत, म्हणजे ४३ टक्क्यांत, तो २ सेंटिमीटरच्या पलीकडे होता. वर्तुळाकार कड कितीही काटेकोर घेतली तरी ती या शेवटच्या गटाला पुरणार नाही, हे उघड आहे. हॉलंड यांच्याच गटाने १९९० मध्ये वाहिनीतच मर्यादित असलेल्या कर्करोगाच्या ८२ स्तनांचा अभ्यास केला. त्यांपैकी केवळ एकात रोग स्तनाच्या परस्परांपासून दूर असलेल्या भागांत विखुरलेला आढळला; बाकी सर्वांत तो, कितीही विस्तृत असला तरी, एका प्रदेशातलाच होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले म्हणजे रोग दूरवर जातो पण अनियमितपणे जात नाही असे चित्र तयार होते, आणि हे चित्र वृक्षाच्या कल्पनेला अनुकूल आहे.

स्वीडनमधील फालून येथील टिबोर टोट यांनी २००५ मध्ये मांडलेला ‘आजारी खंडा’चा सिद्धान्त याच विचाराचे टोक आहे. त्यांच्या मते, वाहिनीतला कर्करोग हा एका खंडाचा रोग होय. तो खंड जन्मापूर्वीच्या घडणीतच सदोष असतो, आणि त्याच्यातील निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वेळी रोग प्रकट होतो. सिद्धान्त आकर्षक आहे. त्यातून एकाच स्तनातील अनेक गाठींचा अर्थ लागतो, आणि पूर्ण खंड काढला तर रोगाचे मूळच जाईल अशी व्यावहारिक सूचनाही मिळते. परंतु येथे दोन अडचणी उभ्या राहतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली अशी की, खंडाची सीमा शस्त्रक्रियेच्या वेळी दिसत नाही. कूपरला रंगीत मेण होते. शल्यवैद्याच्या सुरीसमोर पिवळा मेद व पांढरे तंतू यांखेरीज काही नसते. खंड काढा असे सांगणे सोपे आहे, पण मोठ्यात मोठा खंड एकटाच २३ टक्के व्यापीत असेल, आणि त्याच्या फांद्या शेजारच्या प्रदेशात शिरल्या असतील, तर ‘खंड’ या शब्दाने नेमके काय काढावयाचे हे ठरत नाही.

दुसरी अडचण वृक्षांच्या परस्परसंबंधाची. दोन वाहिन्यांच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाटा असतील तर रोग एका खंडातून दुसऱ्यात आतल्या आत जाऊ शकेल आणि खंडाचा सिद्धान्त सैल पडेल. लव्ह व बार्स्की यांना अशा जोडवाटा आढळल्या नाहीत. जपानमधील ओहताके व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र २००१ मध्ये संगणकाच्या साहाय्याने केलेल्या त्रिमितीय पुनर्रचनेत काही वृक्षांमध्ये अशा वाटा असल्याचे दाखविले, आणि स्तन वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व प्रतिपादिले. येथे तर्कशास्त्राची साधी कसोटी लावली पाहिजे. एका ठिकाणी जोडवाट निश्चितपणे सापडली, तर ‘जोडवाटा कधीच नसतात’ हे विधान टिकत नाही. मात्र त्यावरून ‘जोडवाटा सामान्यतः असतात’ हेही सिद्ध होत नाही. वाहिन्यांत रंग किंवा औषध भरून पाहणाऱ्या पद्धतीला अतिसूक्ष्म वाट निसटू शकते, आणि छेदांवरून पुनर्रचना करणाऱ्या पद्धतीत, दोन फांद्या एकमेकींना केवळ चिकटून गेल्या असता त्यांचा संयोग झाल्याचा भास होऊ शकतो. या वादात दोन्ही पक्ष आपल्या साधनाच्या मर्यादेबद्दल जितके बोलावयास हवे होते तितके बोललेले नाहीत. तुलनेने कूपरची ती एका वाक्याची पुस्ती अधिक प्रामाणिक वाटते.

मध्यंतरी वाहिन्यांतून रोगाकडे जाण्याचाही एक प्रयत्न झाला. स्तनाग्राच्या मुखातून वाहिनी धुऊन त्या द्रवातील पेशी तपासाव्यात, म्हणजे गाठ होण्यापूर्वीच रोग कळेल, अशी ती आशा होती. सीमा खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कर्करोग असल्याचे ठाऊक असलेल्या स्तनांवरच ही पद्धत वापरून पाहिली, आणि तिला रोग फारच थोड्या वेळा सापडला. गोइंग व मोफट यांचे सात आणि वीस हे आकडे समोर ठेवले म्हणजे या अपयशाचे एक कारण सुचते. ज्या वाहिन्यांत नळी शिरते त्या थोड्या आहेत, आणि रोग त्यांच्यातच असेल अशी हमी कोणी दिलेली नाही.

याउलट, जेथे शरीररचनेच्या बारीक ज्ञानाने प्रत्यक्ष निर्णयाला मदत केली ते क्षेत्र म्हणजे स्तनाग्र राखून स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. ज्या स्त्रियांना आनुवंशिक कारणाने कर्करोगाचा धोका मोठा असतो त्यांच्यासाठी ती बऱ्याचदा केली जाते. तेथे प्रश्न असा की, राखलेल्या स्तनाग्रात वाहिन्यांचा जो जुडगा उरतो त्यात रोग उद्भवण्याची भीती किती. रोग पानांत सुरू होतो हे वेलिंग्ज यांचे प्रतिपादन मान्य केले तर प्रश्नाला नेमके रूप येते : स्तनाग्रात पाने असतात काय? स्टोलियर व वँग यांनी २००८ मध्ये ३२ स्तनाग्रे तपासली, आणि त्यांपैकी २९ मध्ये अशा खंडिका मुळीच आढळल्या नाहीत. तिघांत मात्र आढळल्या. वाहिन्या मध्यभागी एका जुडग्यात असतात हे रस्बी यांच्या अभ्यासाने दाखविल्यामुळे, स्तनाग्राची बाह्य कड राखून तो जुडगा आतून कोरून काढता येईल असाही विचार पुढे आला. प्रश्न लहान होता, नीट विचारलेला होता, आणि म्हणून त्याचे उत्तर उपयोगी पडले.

मुख्य प्रश्नाचे, म्हणजे गाठीभोवती किती भाग काढावा याचे, आजचे अधिकृत उत्तर मात्र शरीररचनेतून आलेले नाही. अमेरिकेतील कर्करोगशल्यवैद्यांच्या व किरणोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्रितपणे असे ठरविले की, आक्रमक कर्करोगात काढलेल्या भागाच्या पृष्ठभागाला लावलेली शाई गाठीला स्पर्श करीत नसेल तर तेवढी कड पुरेशी समजावी. अर्थात संपूर्ण स्तनाला किरणोपचार देण्याच्या अटीवर. वाहिनीतच मर्यादित असलेल्या रोगासाठी २०१६ मध्ये २ मिलिमीटरची कड सुचविली गेली. हे नियम अनेक चाचण्यांतील पुनरुद्भवाच्या नोंदींवरून काढलेले आहेत, आणि त्यांनी असंख्य स्त्रियांची दुसरी शस्त्रक्रिया टाळली असणार यात शंका नाही. परंतु नियमाचा आधार नीट पाहिला पाहिजे. हॉलंड यांच्या ४३ टक्क्यांना मागे राहिलेला रोग नव्हता असे हा नियम म्हणत नाही. किरणोपचार व औषधे तो बहुतेक वेळी आवरून धरतात, एवढेच तो गृहीत धरतो. फिशर यांच्या चाचणीतील १४.३ आणि ३९.२ या दोन आकड्यांमधील अंतर हे त्या मागे राहिलेल्या रोगाचेच माप आहे. वाहिनीतच मर्यादित असलेल्या रोगाच्या बाबतीत तर २ मिलिमीटर ही मोजणी सपाट छेदावरची असते, आणि फाव्हर्ली, हॉलंड इत्यादींनी १९९४ मध्ये दाखविल्याप्रमाणे या रोगाचे सौम्य प्रकार वाहिनीत अनेकदा मध्ये मध्ये रिकामी जागा सोडून पसरतात. काचेवर कड निर्मळ दिसली तरी त्याच फांदीवर थोड्या अंतराने रोग पुन्हा असू शकतो. या रिकाम्या जागा बहुधा १० मिलिमीटरपेक्षा लहान असतात, हे त्याच अभ्यासातून कळते. शल्यवैद्याला वर्तुळाच्या त्रिज्येपेक्षा अधिक उपयोगी पडणारी माहिती ती हीच. कारण स्तनाग्राच्या दिशेने, म्हणजे फांदीच्या दिशेने, कड अधिक रुंद घ्यावी, आणि आडव्या दिशेने तिच्यात काटकसर करावी, असा विचार तिच्या आधारे करता येतो. क्ष-किरण चित्रात चुन्याचे सूक्ष्म कण रेषेत स्तनाग्राकडे जाताना दिसले म्हणजे अनुभवी शल्यवैद्य असे करतातही. नियमपुस्तिकेत मात्र त्याला अजून शब्द मिळालेले नाहीत.

आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी १५ ते २० हा आकडा पाठ करतो आणि पुढे शल्यशास्त्राच्या वर्गात २ मिलिमीटरचा नियम पाठ करतो. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध असू शकतो हे त्याला कोठेही सांगितले जात नाही, कारण दोन्ही पाठांतून वृक्ष वगळलेला असतो. कूपरच्या चित्रपटांपैकी एखादा, त्याच्या शेजारी गोइंग व मोफट यांचे प्रतिरूप, आणि त्या दोहोंखाली कूपरने दिलेले दोन आकडे त्याने जोडलेल्या शंकेसह छापले, तर क्रमिक पुस्तकाचे एक पान पुरेल. आजवर त्या पानावर चाकाचे चित्र छापले जात आले आहे.